तिजेच्या टोपल्या आणि लेफ्ट बॅक

सेवानगर तांडा, ता. दिग्रस
२७ जुलै २०२५

प्रति,
फुटबॉल शिक्षिका,
कॉलेजचा महिला संघ, दिग्रस

विषय: तिजेच्या दिवसांत तांड्यातल्या मुली यवतमाळला नेण्यास हरकत.

महोदया,

आपल्या सहीची सूचना मुलींनी घरोघर दाखवली. काल तांड्याची नसाब (पंचायत) बसली, तेव्हा ती सर्वांसमोर मोठ्याने वाचण्यात आली. अकरा ते पंधरा ऑगस्ट यवतमाळला विभागीय चषक आहे आणि मुलींनी तिथे मुक्कामी राहायचं आहे, असं त्यात लिहिलं आहे.

नायक या नात्याने कळवतो की राखीच्या दिवशी, म्हणजे नऊ तारखेला, तांड्यात तीज पेरली जाईल. ज्या मुलीने टोपलीत गहू पेरला तिने विसर्जनापर्यंत सकाळ, दुपार, संध्याकाळ आपल्या हाताने पाणी घालायचं असतं. तोवर तिने तांडा सोडायचा नसतो. हे खरं तर आपणास सांगावं लागू नये. आपल्या संघातल्या निम्म्या मुली या तांड्याच्या आहेत. त्यांतली एकही येणार नाही, ती लेफ्ट बॅक खेळणारी सोनूसुद्धा नाही.

आणखी एक खुलासा. आपण ठरलेलं लग्न मोडून फुटबॉलच्या कोर्ससाठी कोलकात्याला निघून गेलात, त्या संध्याकाळी मी भर नसाबीत म्हणालो होतो की यापुढे या मुलीशी बोलणार नाही. तो शब्द कायम आहे. नायकाने नसाबीत दिलेला शब्द नायकाला स्वतःहून मागे घेता येत नाही. मात्र लिहिण्याविषयी त्या दिवशी काही ठरलं नव्हतं. म्हणून लिहितो.

पत्र दिग्रस-यवतमाळ गाडीचे कंडक्टर धरमसिंग यांच्या हाती देत आहे. मी एसटीत असताना ते माझ्या हाताखाली तयार झाले. उत्तर द्यायचं असल्यास त्यांच्याच हाती द्यावं. टपालाचा भरवसा नाही.

देवीलाल राठोड
नायक

*

दिग्रस
२९ जुलै २०२५

मा. नायकसाहेब यांस,

पत्र पोचलं. धरमसिंगकाका स्टँडवर माझी वाट बघत उभे होते. म्हणाले, "घे, बापाचं पत्र हाये. मले वाटलं रडशीन, तू तं दात काढून राह्यली." काय करू? इतक्या वर्षांनी बापाचं पत्र येतं, ते उघडावं तर आत 'महोदया'. मी स्टँडवरच्या बाकावर बसून ते पुन्हा वाचलं आणि मग थोडी रडलेही. काकांना सांगू नका.

आता मुद्द्याचं. आमच्या कॉलेजातला मुलींचा फुटबॉल बंद होण्याच्या बेतात आहे. प्राचार्यांनी मला बोलावून तोंडावर सांगितलं, "मॅडम, तुमच्या पोरी दरसाली पहिल्याच सामन्यात घरी येऊन राह्यल्या. यंदा चषक आणा, नाहीतर पुढच्या सत्रापासून मैदान क्रिकेटवाल्यांले देतो." संघ गेला की माझी नोकरी गेली, मी कंत्राटावर आहे. पण त्याहून वाईट वाटतं ते पोरींचं. सोनू पहिल्यांदा मैदानावर आली तेव्हा बॉल अंगावर आला की डोळे मिटून घ्यायची. आज ती डाव्या बाजूने पळत सुटली की समोरच्या पोरी बाजूला होतात. संघ बंद झाला की ही मुलगी पुन्हा कॉलेज ते फाटा, फाटा ते घर एवढंच चालणार, आणि पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न उरकणार. मला ते बघवणार नाही.

यंदाचा संघ खरंच चांगला आहे. राळेगावची एका शेतकऱ्याची मुलगी आहे, सलोनी. ती कर्णधार. तिला मैदानाच्या मधोमध उभी केली की मला बाहेरून ओरडावं लागत नाही. हा संघ चषक आणू शकतो. पण तांड्याच्या मुली नसतील तर माझ्याकडे अकरा जणीही उरत नाहीत.

म्हणून विनंती. मुलींनी राखीला तीज पेरावी. अकराला त्या माझ्याबरोबर निघतील, आणि त्या पाच दिवसांत त्यांच्या आयांनी टोपल्यांना पाणी घालावं. विसर्जनाला मी सगळ्यांना परत आणीन. एवढी सवलत नसाबीने द्यावी.

आपली,
शीला राठोड
(फुटबॉल शिक्षिका)

*

सेवानगर तांडा
३१ जुलै २०२५

शीला,

'महोदया' आज लिहवत नाही, कारण संताप झाला आहे.

आयांनी पाणी घालावं? लग्न झालेल्या बाईचा हात तिजेला लागत नाही, हे तांड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. ज्या टोपलीला लागला ती टोपली गेली. तू नायकाची मुलगी. तीज आपल्याच घराच्या माळ्यावर ठेवतात. लहानपणी त्या माळ्याखालून तुला हाकलावं लागायचं, आणि आज तू हे कागदावर लिहून पाठवतेस! तुझं पत्र मी नसाबीत वाचायला घेतलं आणि त्या ओळीपाशी येऊन घडी घालून खिशात ठेवलं. पुढचं वाचलंच नाही. कारभारी पूनमसिंग विचारत होता, काय लिहिलं आहे. मी म्हणालो, अक्षर लागत नाही. माझ्या मुलीचं अक्षर मोत्यासारखं आहे हे त्यालाही माहीत आहे.

तांड्याबाहेर राहून माणूस असा होतो. माझं ऐकलं असतंस तर हे दिवस आले नसते. परवानगी नाही, आणि हा विषय माझ्या बाजूने संपला आहे.

आणि ती तुझी लेफ्ट बॅक. बॉल घेऊन पुढे पळते ते पळते, परत म्हणून येत नाही. मागे सगळं रान मोकळं. समोरच्यांनी तिथूनच गोल केला तर दोष कुणाचा? शिक्षिकेने हे बघायला नको का? मी मुद्दाम बघायला गेलो नव्हतो. पेन्शनच्या कामाने दिग्रसला आलो होतो आणि मैदान रस्त्यात लागतं.

देवीलाल

*

दिग्रस
२ ऑगस्ट २०२५

बापू,

आजपासून 'नायकसाहेब' नाही लिहीत. रागवायचं असेल तर आणखी एका गोष्टीवर रागवा.

चूक माझी आहे. तुमचं पत्र वाचताना कान गरम झाले. तिजेला लग्न झालेल्या बाईचा हात लागत नाही हे मी कसं विसरले? मी मैदानाचा, सामन्यांचा, जेवणाचा, बुटांचा विचार केला आणि तांड्याचा मुळीच केला नाही. जी गोष्ट झोपेत विचारली असती तरी सांगितली असती, ती जागेपणी विसरले. नसाबीत ती ओळ वाचली नाहीत, याबद्दल तुमचे उपकार मानते.

सोमवारी मी प्राचार्यांना संघाचं नाव मागे घेतल्याचं पत्र देणार आहे. पोरींना काल मैदानावर बसवून सांगितलं. सोनूने गवत उपटत उपटत विचारलं, "मॅडम, मंग उद्यापासून प्रॅक्टिसले येऊ का नको?" मी म्हटलं ये, आणि ती गेल्यावर गोलपोस्टला धरून उभी राहिले.

त्यांना तीज सोडायला मी सांगणार नाही. खरं सांगू का, मला त्यांचा हेवा वाटतो. राखी आली की इथे खोलीत बसून मला माळ्यावरच्या ओल्या मातीचा वास येतो. पोरी पाण्याचे लोटे घेऊन रांगेने चालल्यात, गाताहेत, आणि तुम्ही खाटेवर बसून ऐकत नसल्यासारखं करताहात, असं दिसत राहतं. माझं वय पस्तिशीकडे गेलं, तरी दिसतं.

आता लेफ्ट बॅकचं. सोनू परत येत नाही, कारण मी तिला येऊ देत नाही. ती पुढे गेली की सलोनी तिच्या जागेवर सरकते. ते बघायचं राहिलं तुमचं. आणि बापू, पेन्शनचं काम बँकेत असतं, बँक स्टँडला लागून आहे. मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते कुठल्या रस्त्यात लागतं?

याडीचा गुडघा कसा आहे?

शीला

*

सेवानगर तांडा
३ ऑगस्ट २०२५

शीला,

हे पत्र माझं नाही, तुझ्या आईचं आहे. तुझी याडी समोर बसून सांगते आहे आणि मी लिहितो आहे. मजकुराची जबाबदारी माझ्यावर नाही. तिच्या अटीप्रमाणे जसं बोलते तसंच उतरवतो.

"पोरी, मी बरी हाव. गुडघा दुखते, पण ते काही नवं नाही. तू पत्रात रडली म्हणून तुया बापानं मले सांगतलं, अन् सांगता सांगता सोताच उठून बाहीर गेला."

(बाहेर गेलो होतो, कारण शेळी सुटली होती.)

"लिव्हा पुढं. तुया बाप लय शहाणा समजते सोताले. तू गेली तवापासून दरसाली तीज पेराच्या दिवशी आपल्या घरी एक टोपली जास्तीची लागते. पोरी इचारतात, नायक, हे कोणाची? तं म्हणते, माया घरची एक कुवारी पोर हाये ना, तिची. शेजारची पोर तिले पाणी घालते, तवा ह्याले रीत आठवत नाही, अन् त्या पोरीले सकाळी उठवाले ह्योच जाते. लिव्हलं का? दाखवा."

(हे लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. तिला वाचता येत नाही, पण पेन थांबलं की तिला कळतं.)

"आता मेन गोष्ट. तांडा सोडता येत नाही म्हणते ह्यो माणूस. आरं, आपले बुढे लदेणी घेऊन फिरत. बैलाच्या पाठीवर मीठ, धान्य, आज इथं अन् उद्या पार तिकडं. तवा तीज नोती का? माया सासूची सासू सांगे, पोरी टोपल्या बैलावर बांधत अन् संगसंग चालत. जिथं मुक्काम पडन तिथं पाणी घालत. आता बैलाच्या जागी यष्टी हाये. अन् तुमी सारी जिनगानी त्या यष्टीत काढली, तुमाले हे सुचू नाही? पोरींसंग एक मोठी कुवारी पायजे ध्यान ठेवाले, तं आपली शीला हाये. बिनलग्नाची राह्यली म्हणून एवढे वर्सं बोंबलले, आता तेच कामी येऊन राह्यलं. जा, नसाब बलावा. नाहीतं मी बलावतो."

तुझ्या याडीचं सांगणं इथे संपलं. ती आता चहा ठेवायला गेली आहे.

मी माझ्यातर्फे एवढंच लिहितो की सोमवारी प्राचार्यांना ते पत्र देऊ नकोस. उद्या नसाब आहे. पूनमसिंग विरोध करणार, तो कशालाही करतो. पण लदेणीची गोष्ट त्याच्या आजोबांनीही सांगितलेली आहे आणि मी ती त्याला सगळ्यांसमोर विचारणार आहे.

दे. राठोड

*

सेवानगर तांडा
५ ऑगस्ट २०२५

प्रति,
फुटबॉल शिक्षिका, दिग्रस

विषय: नसाबीचा निर्णय.

काल संध्याकाळी नसाब बसली. वाद बराच झाला. पूनमसिंग म्हणाला, तीज काय पार्सल आहे का गाडीत टाकायला. मी त्याला विचारलं, तुझ्या आजोबांची तीज कशावरून जायची? मग त्याची बायको मागून बोलली की त्यांच्या घरची एक टोपली लदेणीत नदी उतरताना वाहून गेली होती, ती गोष्ट हाच दरवर्षी पोरांना सांगतो. त्यावर सगळे हसले आणि तोही हसला.

निर्णय असा की टोपल्या मुलींसोबत यवतमाळला जातील आणि त्या जिथे उतरतील तिथे तांडा उतरला असं धरावं. राखीला शिक्षिकेने स्वतः तांड्यात येऊन आपली टोपली आपल्या हाताने पेरावी, कारण जिने पेरलं नाही तिला राखण देता येत नाही. सामना असो की नसो, तीन वेळचं पाणी चुकता कामा नये. गाणी म्हटल्याशिवाय पाणी घालू नये. सोळा तारखेला दुपारच्या आत सर्व टोपल्या विसर्जनासाठी तांड्यात परत याव्यात.

एखादी टोपली वाळली किंवा सांडली, तर पुढे कधीही या तांड्याची मुलगी खेळायला पाठवली जाणार नाही, असं पूनमसिंगने घालायला लावलं आहे. मी ते मान्य केलं आहे. तेव्हा सांभाळ.

राखीला तू येशील तेव्हा मी घरी असेन. बोलणार नाही. ते ठरलेलं आहे.

देवीलाल राठोड
नायक

*

यवतमाळ
१२ ऑगस्ट २०२५

बापू,

आधी टोपल्यांचं सांगते, म्हणजे तुम्ही पुढचं नीट वाचाल. सगळ्या हिरव्या आहेत. अंकुर बोटभर वर आलेत. माझी टोपली सर्वांत दाट आहे. राखीला मी माती कालवत होते तेव्हा तुम्ही पाठ करून बसला होतात, पण लेंडीखताचं घमेलं हळूच पायाने माझ्याकडे सरकवलंत, ते मला दिसलं.

प्रवास एकदम झोकात झाला. फाट्यावर गाडी थांबली आणि आम्ही टोपल्या घेऊन चढलो तर माणसं उठून जागा द्यायला लागली. एका आजोबांनी विचारलं, "काहून व बाई, हे एवढं गवत कुठं घेऊन चालल्या?" सोनू म्हणाली, "गवत नाही जी, आमची तीज हाये. मॅच खेळाले चालली." धरमसिंगकाकांनी वळणावळणावर ड्रायव्हरला दम दिला, "हळू घे, मांगं नायकाची तीज हाये." सगळ्या गाडीला ते पाठ झालं.

मुक्कामाला एका शाळेचे दोन वर्ग दिले आहेत. एका वर्गात आम्ही झोपतो, दुसऱ्यात बाकांवर टोपल्या. पहिल्या संध्याकाळी पोरी पाण्याचे लोटे घेऊन गात निघाल्या तर बाकीच्या संघांच्या मुली खिडक्यांतून बघून हसल्या. एकीने मोबाइलवर चित्रण करून 'शेतकरी फुटबॉल क्लब' असं नाव दिलं. आमच्या पोरींचे चेहरे उतरले. आज सकाळी त्याच संघाशी आमचा पहिला सामना होता आणि सोनूने त्यांना डाव्या बाजूने असं पळवलं की हाफटाइमला त्यांच्या दोघी मांडी धरून बसल्या. तीन-शून्य. दुपारच्या पाण्याला त्याच पोरी दारात येऊन गाणं ऐकत उभ्या होत्या.

या कॉलेजातली माझी पहिली जीत आहे ही, बापू. एवढी वर्षं पोरींना घेऊन जायचं, हरायचं, आणि परतीच्या गाडीत त्यांना हसवत आणायचं. आज परत हसवावं लागलं नाही. त्या आपल्या आपण हसत होत्या.

एक विचारायचं आहे. सलोनी, आमची कर्णधार, तांड्याची नाही. काल ती म्हणाली, "मॅडम, सगळ्या जणी पाणी घालतात अन् मी एकटी दारात उभी राहतो. मले चालन का?" मी सांगितलं, नायकाला विचारते. धरमसिंगकाकांच्या परतीच्या गाडीने उत्तर पाठवा.

शीला

*

सेवानगर तांडा
१३ ऑगस्ट २०२५

शीला,

मुलगी अविवाहित आहे ना? मग घालू दे. दारात उभं ठेवायची आपली रीत नाही. पूनमसिंगला विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

तुझ्या टोपलीला पाणी कमी घाल. दाट पेरलं की मुळं सडतात. तू लहानपणीही मूठभर जास्त टाकायचीस.

तीन-शून्य ठीक आहे. पण तो संघ कच्चा होता असं धरमसिंग म्हणतो. पुढचे तसे नसतील. सलोनी की कोण ती दरवेळी सरकेलच हे कशावरून? दमली तर? लेफ्ट बॅकला मागे ठेव. मी सांगतो ते एकदा तरी ऐक.

तुझी याडी विचारते, जेवण नीट आहे का.

दे. राठोड

*

यवतमाळ
१४ ऑगस्ट २०२५

बापू,

घाईत लिहिते, काका हॉर्न वाजवताहेत.

सेमीफायनल जिंकलो. पेनल्टीवर गेली होती. शेवटची सोनूने मारली. मारण्याआधी तिने माझ्याकडे बघितलं, मी नुसती मान हलवली. उद्या दुपारी फायनल, यवतमाळच्याच एका कॉलेजशी, जे दरवर्षी चषक नेतं.

सलोनी काल संध्याकाळी पाणी घालताना गाणं चुकली, सगळ्या हसल्या, आज सकाळी तिला ते पाठ होतं.

या असं म्हणणार नाही. यवतमाळचं मैदान कुठल्या रस्त्यात लागतं ते तुम्हाला बरोबर माहीत असणार.

शीला

*

दिग्रस
१८ ऑगस्ट २०२५

बापू,

तुम्ही फायनल बाहेरून बघितली. आतून काय चाललं होतं ते सांगते, म्हणजे तुमचा गैरसमज राहायला नको.

अर्धा तांडा छोट्या ट्रकमधून येऊन उतरला ते मी बघितलं. सगळ्यांत उंच तुमचं लाल पागोटं. दुपारचं पाणी चुकू नये म्हणून टोपल्या मैदानावरच आणल्या होत्या; याडीने येताच त्या मागितल्या आणि दुरूनच, हात न लावता, एकेक तपासली. तुम्ही माझ्याकडे पाठ करून झेंड्याच्या काठीशी उभे राहिलात. मी म्हटलं ठीक आहे, आले तर आहेत.

पहिला गोल त्यांचा झाला, आमच्या डाव्या बाजूनेच. सोनू पुढे होती आणि सलोनीला सरकायला उशीर झाला. तुम्ही जे पत्रांतून सांगत होतात तेच घडलं. हाफटाइमला सोनू माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मॅडम, मी मांगं राह्यतो आता." मला एक क्षण वाटलं, हो म्हणावं. चषक गेला तर संघ जाणार, आणि बापासमोर बापाचंच खरं होणार. पण मी बाराव्या वर्षी आश्रमशाळेच्या पोरांत एकटी खेळत होते तेव्हा सगळे मला हेच सांगायचे, पोरी, मागे थांब. कॉलेजात सांगितलं, राज्याच्या संघात सांगितलं, नोकरी मागायला गेले तिथे सांगितलं. मी सोनूला म्हटलं, "तू पळ. मागचं मी अन् सलोनी पाहून घेतो." सलोनीने मान डोलावली.

मग सलोनीने कॉर्नरवरून डोक्याने बरोबरी साधली. तुम्ही तेव्हा पागोटं काढून हातात घेतलं होतंत.

आणि मग ते शेवटचं. सोनूला बॉल मिळाला, ती सुटली, आणि पंचांनी घड्याळाकडे बघितलं. तेवढ्यात मागून आवाज आला, अख्ख्या मैदानाला ऐकू गेला. "शीलाऽऽ! तिले मांगं बलाव! डावी बाजू उघडी पडली व पोरी!"

बापू, माझं नाव तुमच्या तोंडून कितीतरी वर्षांनी ऐकलं. मला सोनूही दिसेना. सगळा तांडा माझ्याकडे बघत होता, की आता ही ऐकते की नाही. मला वाटलं मागे वळावं आणि म्हणावं, हो बापू. आणि तरीही मी सोनूला बोलावलं नाही. मी सलोनीकडे बोट केलं, ती आधीच तिथे सरकली होती. सोनूने त्यांच्या शेवटच्या पोरीला चकवलं आणि बॉल जाळ्यात घातला. त्यानंतर काय झालं ते मला नीट आठवत नाही. पोरी माझ्यावर पडल्या होत्या एवढं आठवतं, आणि त्या गर्दीत कुणीतरी ओरडत होतं, "टोपल्या सांभाळा, टोपल्या सांभाळा!" तो आवाज पूनमसिंगकाकांचा होता.

आज सकाळी प्राचार्यांनी मला खुर्ची दिली. फाटकावर आमचा फोटो लागला आहे, चषक मधोमध आणि दोन्ही बाजूंना तीज. मैदान मुलींचंच राहणार आणि क्रिकेटवाल्यांना दुसरी जागा बघायला सांगितली आहे. आणि बापू, विद्यापीठाच्या महिला संघाची प्रशिक्षक म्हणून माझं नाव पक्कं झालं आहे. विद्यापीठाच्या लोकांनी फायनल बघितली होती. निवडीत सोनू आणि सलोनी दोघी आहेत.

आता एक तक्रार. सोळाला तांड्यात विसर्जनाआधी मी तुमच्या पागोट्यात तीज खोचली. तुम्ही मान खाली वाकवलीत, डोळे भरले होते, आणि तोंडातून एक शब्द नाही. मैदानावर गावाला ऐकू जाईल असे ओरडलात आणि घरी मुके! म्हणून मीही काही बोलले नाही आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. आता तुम्हीच नायक म्हणून सांगा. शब्द मोडला आहे की नाही?

तुमची,
शीला

*

सेवानगर तांडा
२० ऑगस्ट २०२५

प्रति,
प्रशिक्षक,
विद्यापीठ महिला फुटबॉल संघ

विषय: दिनांक १५ रोजी मैदानावर घडलेल्या प्रकाराबाबत.

महोदया,

आपल्या प्रश्नावरून काल नसाब बोलावली. नायकावर आरोप असल्याने मी खाटेवर न बसता समोर जमिनीवर बसलो. पूनमसिंगने आरोप मांडला की देवीलाल नायकाने आपल्या मुलीशी न बोलण्याचा शब्द नसाबीत दिला होता आणि तो यवतमाळच्या मैदानावर, अर्ध्या तांड्यासमोर, मोठ्या आवाजात मोडला.

मी बचाव केला की ओरडणं म्हणजे बोलणं नव्हे. पूनमसिंगने सोनूला साक्षीला बोलावलं. ती म्हणाली, "नायक मॅडमशीच बोलले. मले ऐकू आलं, म्हणून तं मी आनखी जोरात पळाली." माझा बचाव तिथेच संपला.

निकाल असा. नायकाने शब्द मोडला हे सिद्ध झालं. मोडलेला शब्द पुन्हा जोडता येत नाही, म्हणून तो यापुढे लागू नाही. दंड म्हणून नायकाने सगळ्या तांड्याला लापशी जेवू घालावी. तुझी याडी मागून म्हणाली, "एवढा दंड होता, तं पयलेच मोडला असता." ते नोंदवून घेतलेलं नाही.

शीला, दंड ऐकताना मला हसू आवरत नव्हतं. पूनमसिंगने टोकलं, गुन्हेगार हसत नसतात. पण काय करू? तू घरातून गेलीस त्याच आठवड्यात मला कळलं होतं की मी चुकीचं बोलून बसलो आहे, आणि मग नायक म्हणून त्यात अडकून पडलो. बेटा, तू जिंकलीस त्या दिवशी मी इतका ओरडलो की रात्री घसा बसला. सोळाला तू तीज खोचलीस तेव्हा बोलायचं मनात होतं. आवाजच फुटला नाही. शब्दाचा त्यात काही संबंध नव्हता.

पोळा झाला की येत्या रविवारी लापशी आहे. सगळा संघ घेऊन ये, सलोनीला विसरू नकोस. सकाळच्या गाडीने ये. धरमसिंगला सांगून ठेवलं आहे. मी फाट्यावर उभा असेन. फाट्यापासून तांड्यापर्यंत आपण दोघं चालत जाऊ, मुलींना पुढे पाठवू. बोलायला तेवढी वाट पुरणार नाही, पण सुरुवात होईल.

आधीच सांगून ठेवतो, डाव्या बाजूचं मला अजून पटलेलं नाही.

तुझा,
बापू